निवेदन दिल्यानंतर

नाशिकचं कुठलंही मराठी दैनिक घ्या आणि जिल्ह्याचं पान उघडा. एक फोटो हमखास सापडतो. टेबलापलीकडे अधिकारी उभे, अलीकडे आठ-दहा माणसं, मधे एक कागद आणि त्या कागदाला लागलेले चार-पाच हात. खाली ओळ असते, 'विविध मागण्यांचे निवेदन देताना', आणि मग नावं. या फोटोतल्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यातल्या एखाद्या बाईने त्या दिवसाचा रोज बुडवलेला असतो, पेठहून किंवा सुरगाण्याहून सकाळची पहिली एसटी धरलेली असते, लेकरू शेजारणीच्या ओटीत टाकून आलेली असते. म्हणून तर मला त्या फोटोच्या पुढचं जाणून घ्यायचं असतं. तो कागद टेबलावरून कुठे गेला? साहेबांनी त्यावर काय शेरा मारला? तो कोणत्या शाखेत उतरला? पंधरा दिवसांनी तिथे जाऊन कोणी विचारलं का?

बहुतेक वेळा कोणीच विचारलेलं नसतं. इच्छा असते, तळमळही असते, पण विचारायला जाणारं माणूस संस्थेत नेमलेलंच नसतं. मोर्चाला गाडी ठरते, बॅनर छापला जातो, निवेदन टाइप होतं. त्यानंतरचे सहा महिने कोणाच्याच वाट्याचे नसतात.

मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत घडले. वनहक्क, पाणी, आश्रमशाळा, रेशन हे आमचे रोजचे विषय. अलीकडे इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांसोबत पाठपुराव्याचं शिक्षण हे माझं मुख्य काम झालंय. कोणी त्याला जनवकालत म्हणतं, दिल्ली-मुंबईच्या बैठकांत त्याला अ‍ॅडव्होकसी म्हणतात. नाव काहीही द्या. या सगळ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे: सरकारकडून लोकांचा हक्क मिळवून देण्याची ताकद एका माणसाच्या ओळखीपाळखीत राहिली तर ती त्या माणसाबरोबर जाते. ती संस्थेच्या कपाटात, सवयींत आणि शेवटी पाड्यावरच्या माणसांत उतरवावी लागते. हे उतरवणं वेळखाऊ आहे, त्याला पैसे लागतात, आणि त्याचा फोटो निघत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच संस्था एका माणसाभोवती उभ्या राहिल्या. कुठे ताई, कुठे भाऊ, कुठे सर. ताईंना तहसीलदार ओळखतात, प्रांत ओळखतात, जिल्हा परिषदेतले जुने लिपिक 'या ताई, बसा' म्हणतात. ताईंनी फोन केला की अडलेलं रेशनकार्ड सुटतं, आश्रमशाळेतल्या आजारी मुलीला वेळेवर दवाखाना मिळतो. या कामाचं मोल मी कमी करत नाही; कित्येक घरं त्यावर सावरली आहेत. पण अधिकारी बदलतात. राज्याचा बदल्यांचा २००५ चा कायदा साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ सांगतो आणि प्रत्यक्षात त्याआधीही बदल्या होतात. नवे साहेब आले की ताईंची ओळख पुन्हा पहिल्या पायरीवर. आणि ताई आजारी पडल्या, किंवा थकल्या, की संस्थेतल्या कोणालाच ठाऊक नसतं की अमुक पाड्याच्या रस्त्याचं प्रकरण कुठवर आलं होतं. ते ताईंच्या डोक्यात होतं.

आमच्याकडे हे बदलायला सुरुवात झाली ती एका वहीपासून. लांब, जाड पुठ्ठ्याची, दुकानदार उधारी लिहितात तसली. पहिल्या रकान्यात तारीख, मग विषय, कोणत्या कार्यालयात दिलं, आवक क्रमांक, कोणाच्या टेबलावर गेलं, पुढची तारीख आणि शेवटी कोण जाणार त्याचं नाव. निवेदन द्यायचं ते दोन प्रतींत. एक बारनिशीत, म्हणजे कार्यालयाच्या आवक-जावक शाखेत, द्यायची आणि दुसरीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घेऊन परतायचं. ही पोच हातात नसेल तर त्या दिवशी काम झालं असं धरायचंच नाही, मग साहेब कितीही गोड बोलले असोत. नवीन मुलांना सुरुवातीला हे कारकुनी वाटतं. एकदा कोणीतरी 'असं पत्र आमच्याकडे आलेलंच नाही' म्हणतं, आणि त्यांच्यातलाच एखादा पोरगा पिशवीतून शिक्का मारलेली प्रत काढून टेबलावर ठेवतो. त्या दिवसापासून वही तो स्वतः सांभाळतो.

नाशकात राहून हे काम करणं एका अर्थी सोयीचं आहे. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलं की जिल्हाधिकारी कार्यालय हाकेच्या अंतरावर. जिल्हा परिषद त्र्यंबक रस्त्यावर. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय मुंबई-पुण्यात नाही, ते इथेच गडकरी चौकात आहे. गडचिरोलीच्या माणसालाही वर दाद मागायला इथवर यावं लागतं. विभागीय आयुक्त नाशिकरोडला. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे लोकशाही दिन असतो. दारं इतकी जवळ असूनही कोणत्या दारात कोणता प्रश्न न्यायचा हे आमच्याच कार्यकर्त्यांना नीट माहीत नसायचं. तलाठ्याने करायचं काम मंत्र्यांकडे मागितलं जायचं, आणि जे फक्त मंत्रालयात बदलू शकतं त्यासाठी ग्रामसेवकाशी भांडण व्हायचं.

वनहक्काचं उदाहरण घेते, कारण आमच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त आयुष्यं त्यात अडकली आहेत. कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो त्याला, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, त्या जमिनीचा हक्क मान्य करायचा. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं. दावा ग्रामसभेत सुरू होतो, गावची वनहक्क समिती पाहणी करते, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. ऐकायला सरळ वाटतं. प्रत्यक्षात दावे फेटाळले गेले ते 'पुरावा अपुरा' एवढ्या दोन शब्दांवर. ज्याचा दावा फेटाळला त्याला अनेकदा ते कळलंच नव्हतं.

आणि नियम काय म्हणतो? पुरावा म्हणून जुनी सरकारी कागदपत्रं चालतात, तसेच शेतातले जुने बांध, घराचं जोतं, देवाची जागा, स्मशान, आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने लिहून दिलेला जबाबही चालतो. कोणताही एकच कागद आणा असा हट्ट धरता येत नाही. दावा फेटाळला तर कारणांसह दावेदाराला कळवावं लागतं आणि त्याला अपिलासाठी साठ दिवस मिळतात. हे सगळं छापील आहे. ते वाचलेलं माणूस गावात असलं तर चित्र पालटतं.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर असंच एक माणूस होतं, बारावी झालेली सून. तिच्या आजेसासूचा जबाब आम्ही लिहून घेत होतो. म्हातारीला वर्ष सांगता येईना. कितीदा विचारलं तरी 'लई वर्सं झाली' एवढंच. मग सुनेने विचारायची रीत बदलली. 'आत्याबाईचं लगीन झालं तवा नागली कुठल्या खाचरात होती?' म्हातारी उठली, आम्हाला उतारावर घेऊन गेली आणि बोटाने दाखवत सांगत सुटली. हा बांध तुझ्या आजेसासऱ्याने घातला, त्या साली मोठा पाऊस झाला होता, हे आंब्याचं झाड तेव्हा कमरेएवढं होतं. त्या आत्याबाईच्या थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला घरात होता. त्यावरच्या जन्मतारखेवरून लग्नाचा काळ बसला, लग्नावरून खाचराचा, आणि खाचरावरून कसवणुकीचा. जबाबाला आधार मिळाला. बांधाचा फोटो, झाडाचा फोटो, दाखल्याची प्रत, पंचांच्या सह्या असं सगळं एकत्र लावून दावा पुन्हा गेला. कायदा शिकवणारे आम्ही होतो, पण तो चालवला त्या सुनेने. पुढे आसपासच्या पाड्यांवरचे जबाब तिनेच लिहिले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांच्या लोकांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला, तेव्हा या पट्ट्यात जी भीती पसरली ती मी विसरणार नाही. त्याच महिन्याअखेरीस न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली आणि राज्यांना दावे कसे फेटाळले ते सांगायला लावलं. त्या दिवसांत ज्या गावांकडे आपल्या दाव्यांची यादी होती, म्हणजे कोणाचा दावा, कधी दिला, काय झालं, कागद मिळाला की नाही, त्या गावांतली माणसं घाबरली तरी बोलू शकत होती. ज्यांची यादी कुठल्यातरी संस्थेच्या ऑफिसात पडली होती, ती फोन करत राहिली. २०२० मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रासाठी आणखी एक दार उघडलं: जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अपील. हे दार नाशिकरोडला आहे, सुरगाण्यातून एका दिवसात जाऊन येता येतं. ते उघडल्याची बातमी मात्र पाड्यापर्यंत पोचवायला माणसं लागली. बातमी आपोआप डोंगर चढत नाही.

म्हणून मी शासन निर्णय वाचायला शिकवते. जीआर म्हटलं की कार्यकर्ते मधला मजकूर वाचतात, पैसे किती मंजूर झाले ते बघतात आणि ठेवून देतात. मी त्यांना वरून आणि खालून सुरुवात करायला सांगते. वर 'वाचा' म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते. तुमच्या प्रश्नाचा मागचा सगळा प्रवास तिथे तारखांसह असतो. सगळ्यात खाली 'प्रत' असते: ही प्रत कोणाकोणाला गेली. जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रकल्प अधिकारी, कोषागार. ज्याचं नाव त्या यादीत आहे त्याला 'आम्हाला आदेश नाही' असं म्हणता येत नाही. वर कोपऱ्यात विभाग आणि निर्णयाचा क्रमांक, शेवटाला संकेतांक. ज्या पोरांनी एकदा दुपारभर बसून एक जीआर असा उलटसुलट वाचला, ती नंतर कुठल्याच कार्यालयात दबत नाहीत. अंगावर खादी नको, मोठा आवाज नको, हातात योग्य कागद आणि त्यातला कोणता परिच्छेद हे माहीत असलं की पुरे.

पैशाचंही तसंच. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातल्या, ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचं असतं. कोणत्या पाड्याच्या नावावर किती जमा आहेत हे ग्रामसभेला माहीत असेल तर पाण्याच्या टाकीसाठी आमदारांच्या दारात उभं राहायची गरज उरत नाही. माहिती मिळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहे, तीस दिवसांची मुदत आहे, पहिलं अपील आहे, आणि दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ नाशकातच आहे. अर्ज मात्र नेमका हवा. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलेला अर्ज वाया जातो.

इथे मला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची आठवण काढावीशी वाटते. त्याचा गौरव आपण दर वर्षी करतो, पण तो चालला कसा याकडे फारसं कोणी बघत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला आणि जवळपास पाच वर्षं चालला. त्याच वर्षाअखेरीस बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, १९३१ मध्ये दुसऱ्या परिषदेला. नेता समुद्रापलीकडे असताना इथे पंचवटीत माणसं जमत होती, तुरुंगात जात होती, मार खात होती आणि पुन्हा येत होती. हे सांभाळलं दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याच्या दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. बाबासाहेबांचा आणि दादासाहेबांचा पत्रव्यवहार पुढे प्रसिद्ध झाला आहे. कार्यकर्त्यांनी तो चळवळीचा कारभार म्हणूनही वाचावा असं मला वाटतं: पुढाऱ्याशी सतत संपर्क, इथली खबरबात, पैशांची तजवीज, पुढचं पाऊल. मंदिर त्या लढ्यात उघडलं नाही. पण तिथे तयार झालेले दादासाहेब पुढे भूमिहीनांच्या देशव्यापी सत्याग्रहापर्यंत पोचले. पाच वर्षांत या जिल्ह्याला जी माणसं मिळाली, तो हिशेब कोणी मांडत नाही.

कायदा बदलण्याइतकी मोठी मजल मारायची तर काय लागतं, त्याचंही एक उदाहरण नाशिकचंच आहे. २०१३ साली शहरात एका बापाने जातीबाहेर लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा जीव घेतला. त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचं पुढे आलं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम इथून सुरू केली आणि त्याच ऑगस्टमध्ये नाशकात परिषद घेतली. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या परिषदेला होते. २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. वेगवेगळ्या जातींतली वाळीत टाकलेली कुटुंबं पुढे येत गेली, तक्रारी नोंदवल्या गेल्या, आणि एक गोष्ट लख्ख दिसली की वाळीत टाकणं हाच गुन्हा मानणारा कायदा हातात नाही. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला होता. नवा कायदा टिकायचा तर ते सगळं विचारात घेऊन लिहावा लागणार होता. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. एका घरातल्या दुःखापासून राज्याच्या कायद्यापर्यंत चार वर्षं. दरम्यान माणसं गावोगाव फिरली, प्रकरणं लिहून ठेवली, पत्रकारांशी, वकिलांशी, सर्व पक्षांच्या आमदारांशी बोलत राहिली. ही चार वर्षं ज्या संघटनेला पेलली, तिच्या शाखा आधी कितीतरी वर्षं उभ्या होत्या.

आमदारांचं नाव निघालं म्हणून सांगते. छोट्या संस्था आमदारांकडे जातात त्या उद्घाटनाला बोलवायला किंवा निधी मागायला. त्यांच्याकडे मागण्यासारखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तारांकित प्रश्न. विधिमंडळात प्रश्न लागला की उत्तरासाठी मंत्रालयातून जिल्ह्याकडे माहिती मागवली जाते, जिल्ह्याकडून तालुक्याकडे. जी फाईल धूळ खात होती ती निदान उघडली जाते. पण प्रश्न अधिवेशनाच्या बराच आधी द्यावा लागतो, आणि नेमका लिहून द्यावा लागतो. आमदारांच्या स्वीय सहायकाला चार ओळींचा तयार प्रश्न मिळाला तर तो पुढे जातो. दहा पानांचा अहवाल गाडीच्या मागच्या काचेपाशी उन्हात पिवळा पडतो.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येते: बोलायचं कोणी.

पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात आभाळ फाटतं आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बाया दऱ्या उतरतात. नद्या पश्चिमेला गुजरातकडे उतरून जातात. एका उन्हाळ्यात एका पाड्यावर टँकर मंजूर होता, कागदावर रोज दोन खेपा. बायांचं म्हणणं होतं की टँकर येतच नाही. असं म्हटलं की समोरून उत्तर ठरलेलं असतं, 'येतो हो, लॉगबुकावर नोंद आहे.' मग आठवी-नववीतल्या मुलींनी शाळेच्या वहीत लिहायला सुरुवात केली. तारीख, टँकर किती वाजता आला, विहिरीत ओतला की वाटेत थांबला, गाडीचा नंबर. ज्या दिवशी आला नाही त्या दिवशी फुली. वहीवर आधीच्या वर्षीच्या विज्ञानाच्या आकृत्या तशाच होत्या, मागच्या कोऱ्या पानांवर या नोंदी. महिनाभराच्या फुल्या जमल्या तेव्हा आम्ही भेटीची वेळ मागितली.

जाण्याआधी दोन संध्याकाळी पाड्यावर सराव केला. कोण आधी बोलणार, साहेबांनी मधेच तोडलं तर कोण धरणार, काय मागायचं. मागणी एकच ठेवायची हे बायांनीच ठरवलं. रस्त्याचं, अंगणवाडीचं, रेशनचं बरंच काही तोंडावर होतं. एक वयस्कर बाई म्हणाली, 'समदं मागलं तं कायच नाय देत.' तेव्हा ठरलं की फक्त टँकर, आणि फक्त ही वही.

साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ बैठकीत, होते. आम्ही बाकावर बराच वेळ बसलो. आत गेल्यावर त्यांनी सवयीने माझ्याकडे बघून विचारलं, 'बोला मॅडम.' मी म्हटलं, 'या बोलतील.' थोडी शांतता. मग जिच्या मुलीची वही होती तिने ती टेबलावर ठेवली, साहेबांच्या बाजूने फिरवली आणि बोट ठेवून म्हणाली, 'ही फुली, ही फुली, आनि ही. ह्या दिशी मी सवता डोहावर गेल्ये.' साहेबांनी पानं उलटली. लॉगबुक मागवलं. दोन्ही शेजारी ठेवली. त्यांनी वाद घातला नाही. समोर दोन वह्या होत्या आणि एकीत मुलीचं अक्षर होतं. पुढच्या आठवड्यापासून खेपा सुरळीत झाल्या. पण मला त्याहून जास्त मोलाचं वाटतं ते पुढच्या ग्रामसभेत घडलं. त्याच बाईने उठून पाच टक्के निधीचा हिशेब मागितला. आम्ही कोणी त्या दिवशी गावात नव्हतो.

मी त्या खोलीत बोलले असते तरी टँकर आला असता. कदाचित लवकर आला असता. मोह प्रत्येक वेळी होतो, कारण आपल्याला कलमं पाठ असतात, आपली मराठी साहेबांच्या मराठीशी जुळते, वेळ वाचतो. पण मग ग्रामसभेत ती बाई उठली नसती. संस्थेची ताकद वाढवायची म्हणजे प्रशिक्षण, संगणक, अहवाल हे सगळं आलंच. मी त्याविरुद्ध नाही. तरी कोणत्या खोलीत आपण गप्प बसायचं हे शिकणं मला त्यातलं सगळ्यात मोठं शिक्षण वाटतं.

पैशाचा विषय काढल्याशिवाय मात्र हे लिहिणं प्रामाणिक होणार नाही. सातपूर, अंबडच्या कारखान्यांकडून सीएसआरचा निधी मिळतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्यातून वर्गखोल्या झाल्या, सोलर पंप बसले, आणि ते चांगलंच आहे. पण वही सांभाळणाऱ्या मुलीचा पगार त्यात बसत नाही. 'लाभार्थी किती?' या रकान्यात तिचं काम मांडता येत नाही. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाले: प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला निधी देणं बंद झालं. मोठ्या संस्थांकडून तालुक्याच्या छोट्या संस्थांकडे येणारा झरा त्याने आटला. पाठपुरावा करणारी माणसं बहुधा 'प्रशासकीय' रकान्यातच धरली जातात, म्हणून पहिली कात्री त्यांच्यावरच चालते. देणगीदारांशी बोलताना मी आता एकच गोष्ट मागते: तीन वर्षांसाठी एका माणसाचा पगार आणि एसटीचा खर्च. इमारत नको, गाडी नको.

विश्वस्तांची भीतीही खरी आहे. आपल्याकडचे विश्वस्त म्हणजे निवृत्त शिक्षक, डॉक्टर, व्यापारी. सरकारला प्रश्न विचारला की हे राजकारण ठरेल का, नोंदणीवर गदा येईल का, अशी धास्ती त्यांना असते. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. एक, पक्षीय राजकारणाशी संबंध न ठेवता लोकांच्या प्रश्नासाठी लोकशाही मार्गाने आवाज उठवणाऱ्या संस्थेला केवळ त्या कारणाने परदेशी निधी नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० च्या निकालात म्हटलं आहे. दोन, आपलं घर आधी नीट ठेवा. ऑडिट वेळेत, धर्मादाय कार्यालयातले चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद, भरलेले, ठराव लिहिलेले, सह्या झालेल्या. जो दुसऱ्याच्या फायलीबद्दल विचारतो त्याची फाईल आधी तपासली जाते. ती स्वच्छ असली की विश्वस्तांचा आवाजही मोकळा होतो.

६ मार्च २०१८ ला सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा निघाला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला होते. सुमारे १८० किलोमीटर चालून तो १२ मार्चला आझाद मैदानात होता, आणि दहावीच्या मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून शेवटचा टप्पा लोकांनी रात्रीत चालून काढला. सरकारने लेखी आश्वासन दिलं, त्यात वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचंही होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोकांना पुन्हा निघावं लागलं, मार्च २०२३ मध्ये दिंडोरीतून पुन्हा. फाटलेल्या टाचांची ती माणसं पुन्हा पुन्हा चालतात, कारण मुंबईत मिळालेलं आश्वासन तालुक्याच्या टेबलापर्यंत आणायला मधल्या काळात रोज कोणीतरी लागतं. ते कोणीतरी बनण्याची जबाबदारी आमच्यासारख्या छोट्या संस्थांनी उचलली पाहिजे असं मला वाटतं. मोर्चा काढण्याची ताकद आमच्यात नाही. पण पंधरा दिवसांनी जाऊन विचारण्याची आहे.

आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. जिल्ह्याची यंत्रणा त्यात गुंतत जाणार, भेटीच्या वेळा मिळणं कठीण होणार, डोंगरातली प्रकरणं मागे पडण्याची धास्ती आहे. म्हणून आम्ही पाड्यापाड्यावर याद्या नव्याने लावतोय: कोणता दावा कोणत्या समितीपुढे आहे, कोणत्या अपिलाची मुदत कधी संपते, कोणत्या पाड्याला येत्या उन्हाळ्यात टँकर लागेल आणि त्याचा प्रस्ताव कधी जायला हवा. कोणत्या तारखेला कोण जाणार, त्याचं नाव शेवटच्या रकान्यात. यातली निम्म्याहून जास्त नावं आता संस्थेच्या माणसांची नाहीत, ती पाड्यावरची आहेत. बारावी झालेल्या त्या सुनेकडे तीन गावांची यादी आहे. पहिल्या सोमवारी ती नाशकात येते, आणि येण्याआधी मला फोन करते तो फक्त एवढं विचारायला की झेरॉक्सवाल्याचं दुकान किती वाजता उघडतं.